सामायिक फोल्डरचे अधिकार माणसाला नव्हे, पदाला द्यावेत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

महोदय,

गेले काही महिने आपल्या दैनिकात सायबर फसवणुकीच्या आणि खंडणीसाठी संगणक कुलूपबंद केल्याच्या बातम्या सातत्याने येत आहेत, आणि पासवर्ड कोणाला सांगू नये, अनोळखी लिंक उघडू नये, असा सल्लाही त्यांच्यासोबत असतो. तो सल्ला योग्यच आहे. परंतु कार्यालयीन माहितीचे जे नुकसान मी स्वतः पाहिले, ते इमारतीच्या आत, भर दुपारी, प्रामाणिक कर्मचाऱ्यांच्या हातून झालेले होते, आणि त्याचे कारण एवढेच होते की सर्व विभागांच्या सामायिक फोल्डरमध्ये कोणी काय उघडावे आणि कोणी काय बदलावे, हे कधी कोणी ठरवलेच नव्हते. गळीत हंगाम तोंडावर असताना या विषयाकडे सहकारी संस्थांचे आणि अन्य कार्यालयांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी दक्षिण महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्यात नोकरी केली. सुरुवातीची वर्षे लेखा विभागात गेली आणि शेवटची नऊ वर्षे त्या कामासोबत संगणक विभागाची जबाबदारीही माझ्याकडे होती. कारखान्याचे नाव मी लिहीत नाही, कारण तेथील व्यवस्थापनाने चूक मोकळेपणाने मान्य करून दुरुस्त केली आहे.

साखर कारखान्याच्या कार्यालयात किती प्रकारची माहिती जमते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. शेतकी विभागाकडे हजारो सभासदांच्या ऊस नोंदी असतात: गट क्रमांक, क्षेत्र, लागणीची तारीख आणि आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा हा उसाच्या लागवडीचा प्रकार. वजनकाट्यावर प्रत्येक खेपेचे वजन नोंदले जाते. लेखा विभागात सभासदांचे बँक खाते क्रमांक आणि विकास सोसायटीच्या, म्हणजे गावातील कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेच्या, कर्जाची कपात असते, तोडणी-वाहतूक विभागात ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना दिलेल्या उचलीचे हिशेब व करार असतात, टाइम ऑफिसमध्ये हजेरी असते, आस्थापना विभागात सेवापुस्तके, चौकशीची कागदपत्रे आणि आजारपणाचे दाखले असतात. भांडार आणि खरेदी विभागांत निविदा उघडण्यापूर्वीचे दर असतात. हे सगळे आमच्याकडे सर्व्हरवरील ‘कॉमन’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये होते आणि प्रत्येक टेबलावरच्या संगणकावर ते झेड ड्राइव्ह म्हणून दिसत असे.

ज्या दिवशी तो सर्व्हर बसवला, त्या दिवशी बसवणाऱ्या अभियंत्याकडे अर्धाच दिवस होता. एका टेबलावर फोल्डर उघडेना, दुसऱ्या टेबलावर उघडले तर फाइल जतन होईना, अशा तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा त्याने फोल्डरच्या परवानग्यांमध्ये ‘एव्हरीवन’ या नावापुढे ‘फुल कंट्रोल’ अशी खूण केली. तक्रारी तत्काळ थांबल्या. मला खात्री आहे की राज्यातील असंख्य पतसंस्था, महाविद्यालये, नगरपरिषदा आणि खासगी कार्यालये यांच्या सर्व्हरवर हीच खूण आजही जशीच्या तशी आहे, कारण ज्या गोष्टीबद्दल कोणी तक्रार करत नाही ती गोष्ट पुन्हा उघडून पाहण्याची आपल्याकडे पद्धत नाही. फुल कंट्रोल म्हणजे वाचणे, बदलणे, पुसून टाकणे आणि त्याशिवाय इतरांच्या परवानग्याही बदलणे. हंगामापुरत्या नेमलेल्या मुलापासून मुख्य लेखापालांपर्यंत सर्वांना आम्ही तो अधिकार देऊन बसलो होतो.

त्याचे फळ एका पंधरवडा बिलाच्या वेळी समोर आले. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस कारखान्यात आल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याचे पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज लागते, त्यामुळे बिलाच्या आधीचे दोन दिवस लेखा विभागात कोणालाही मान वर करता येत नाही. कपातीची यादी एका एक्सेल फाइलमध्ये तयार होती. शेतकी विभागातील एका हंगामी लिपिकाला आपल्या गटातील सभासदांचे खाते क्रमांक पूर्ण आहेत का, एवढेच पाहायचे होते. त्याने फाइल उघडली, नावे पटकन सापडावीत म्हणून फक्त नावांचा स्तंभ निवडून तो अकारविल्हे लावला आणि शेजारचे स्तंभही सोबत हलवायचे का, या प्रश्नाला नकार देऊन फाइल जतन केली. नावे हलली, त्यांच्यासमोरचे कपातीचे आकडे जागेवरच राहिले. बिले वाटली गेली आणि दुसऱ्या दिवशी एका विकास सोसायटीचे सचिव आपली यादी घेऊन आले, तेव्हा एकाचे कर्ज दुसऱ्याच्या उसातून वसूल झाल्याचे उघड झाले. ज्यांनी कधी कर्ज काढलेच नव्हते अशा शेतकऱ्यांच्या हातात निम्मे बिल पडले होते. ती दुरुस्ती करण्यात चार दिवस आणि चार रात्री गेल्या. कारखान्याच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या वयस्कर सभासदांना तोंड देताना आम्हा सर्वांना जे वाटले, ते मी आजही विसरलेलो नाही.

त्या मुलाला कामावरून काढावे, असे बैठकीत सुचवले गेले. मी त्याला विरोध केला. त्याचे काम वाचण्यापुरते होते. लेखणी आम्हीच त्याच्या हातात दिली होती. त्याला केवळ वाचण्याचा अधिकार असता, तर फाइल उघडून तिची मांडणी त्याने कितीही बदलली असती, तरी सर्व्हरवरची मूळ प्रत जशीच्या तशी राहिली असती.

दुसरा प्रसंग पैशाचा नव्हता, म्हणून त्याची बैठकीत फारशी चर्चा झाली नाही, परंतु मला तो अधिक गंभीर वाटतो. एका कायम कामगाराने दीर्घ रजेसाठी दिलेला वैद्यकीय दाखला आस्थापना विभागाने स्कॅन करून त्याच ‘कॉमन’ फोल्डरमध्ये ठेवला होता. रजा संपवून तो परतण्यापूर्वीच त्याच्या आजाराचे नाव पाळीपाळीने सगळ्या खात्यांत पोहोचले होते. कोणीही कुलूप फोडले नव्हते, कोणाचा पासवर्ड चोरला नव्हता. फाइल समोर दिसली आणि कोणीतरी उघडली. त्या माणसाने पुढे कधीही रजेच्या अर्जात खरे कारण लिहिले नाही.

या दोन प्रसंगांनंतर माझे जे मत बनले, तेच या पत्राचे प्रयोजन आहे. सामायिक फोल्डरचे अधिकार ही संगणक विभागाची तांत्रिक बाब आहे, असे सर्वत्र समजले जाते. तो खरे तर एक प्रशासकीय आदेश आहे. तिजोरीच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात हे कुलूप बनवणारा ठरवत नाही. रोखपालाकडे एक आणि व्यवस्थापकाकडे दुसरी, असे संस्था ठरवते, तशी लेखी नोंद होते आणि रोखपाल बदलला की किल्ली नव्याकडे जाते. फोल्डरबाबतही हेच व्हायला हवे. कोणत्या फोल्डरमध्ये कोणी वाचावे आणि कोणी लिहावे हे त्या विभागाच्या प्रमुखाने ठरवावे, ते व्यक्तीच्या नावाने न ठरवता पदाच्या नावाने ठरवावे, त्यावर सही करावी, आणि माणूस त्या पदावरून हलला की अधिकारही त्याच दिवशी हलावा. संगणक विभागाचे काम त्या आदेशाची अंमलबजावणी करण्याचे आहे. तो आदेश काय असावा हे त्या विभागाला ठरवायला लावणे अन्यायाचे आहे, आणि आमच्याकडे तो अन्याय अनेक वर्षे माझ्यावरही होत होता.

कागदी दप्तराच्या बाबतीत महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी कार्यालयातील कागदपत्रांची आणि कामाची जी शिस्त लावली, तिचे नाव आजही जुने कर्मचारी आदराने घेतात. महसूल खात्यातील लिपिकाला कागद सहा गठ्ठ्यांत विभागण्याची सहा गठ्ठे पद्धत शिकवली जाते, उदाहरणार्थ प्रलंबित प्रकरणे कोणती, कोणाच्या उत्तराची वाट पाहणारी कोणती, अभिलेख कक्षात जाणारी कोणती, नष्ट करायची कोणती. अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि ‘अ’ वर्गातील कागद कायम जपायचा, हे नव्या लिपिकालाही ठाऊक असते. एवढी परंपरा असलेल्या आपल्या कार्यालयांत तोच लिपिक संगणकासमोर बसला की सगळे कागद एकाच ढिगात टाकतो, कारण संगणकावर शिस्त लावणे हे आपले काम आहे, असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आम्ही केलेली दुरुस्ती थोडी तपशिलाने सांगतो, कारण तिच्यासाठी कोणतेही नवीन यंत्र घ्यावे लागले नाही. पुढच्या बंद हंगामात मी एका मोठ्या कागदावर तक्ता आखला. उभ्या बाजूला फोल्डर आणि आडव्या बाजूला पदे लिहिली, आणि प्रत्येक चौकटीत ‘वाचणे’, ‘लिहिणे’ किंवा रिकामी जागा, एवढेच तीन पर्याय ठेवले. तो कागद घेऊन मी प्रत्येक विभागप्रमुखासमोर बसलो. पहिल्या बैठकीत जवळजवळ प्रत्येकाने आपल्या फोल्डरमध्ये सर्वांना वाचू द्यावे, असे सांगितले. मग मी त्यांना त्या फोल्डरमधील फाइलींची यादी छापून दिली. ती वाचल्यावर प्रत्येकाचे उत्तर बदलले. खरेदी विभागाच्या प्रमुखांना तर आपल्या निविदांचे तुलनात्मक तक्ते कोणालाही उघडता येतात, हे त्या दिवशी प्रथमच कळले. आमचे काम पाहण्यासाठी माणसे येत तेव्हा त्यांना मी हाच सल्ला देत असे की, परवानग्यांविषयी अमूर्त प्रश्न विचारू नका, समोर यादी ठेवा. हे काम तीन आठवडे चालले आणि शेवटी त्या तक्त्यावर प्रत्येक प्रमुखाची आणि कार्यकारी संचालकांची सही झाली.

फोल्डरची रचना आम्ही कारखान्याच्या मंजूर आकृतिबंधाप्रमाणे केली. सर्वांत वर विभाग आणि प्रत्येक विभागाच्या आत तीनच कप्पे: त्या विभागापुरता एक, इतर विभागांना वाचण्यासाठी द्यायच्या गोष्टींचा ‘देवाणघेवाण’ नावाचा दुसरा, आणि प्रमुख व नेमून दिलेले एखादे पद यांच्यापुरता ‘गोपनीय’ हा तिसरा. परवानग्या या दोन पातळ्यांवरच द्यायच्या आणि त्याखालच्या फोल्डरनी वरचा नियम आपोआप घ्यायचा, असे ठरवले. खोल कुठेतरी एखाद्या उपफोल्डरला वेगळी परवानगी देण्याचा मोह वारंवार होतो, परंतु ती दिल्यावर सहा महिन्यांनी कोणालाही आठवत नाही आणि शोधूनही पटकन सापडत नाही. एखादा कागद खरोखरच वेगळ्या लोकांसाठी असेल, तर त्याची जागाच वेगळी हवी. कोणत्याही विभागात न बसणाऱ्या तात्पुरत्या गोष्टींसाठी ‘टपाल’ नावाचा एक फोल्डर सर्वांना खुला ठेवला आणि तो दर पंधरा दिवसांनी रिकामा होईल, हे सूचनाफलकावर लावले. पहिल्या वेळी तो रिकामा केला तेव्हा नाराजी झाली, दुसऱ्या वेळेपासून लोक आपापले कागद योग्य जागी नेऊ लागले.

सर्व्हरवर परवानगी कोणत्याही माणसाच्या नावाने द्यायची नाही, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला. ‘लेखा-वाचन’, ‘लेखा-लेखन’, ‘शेतकी-लेखन’ असे गट तयार केले, फोल्डरला गट जोडले आणि माणसाला त्याच्या पदाप्रमाणे गटात घातले. बदली झाली की एका गटातून काढून दुसऱ्यात घालायचे, फोल्डरला हात लावायचाच नाही. वापरकर्त्यांची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरवरील ॲक्टिव्ह डिरेक्टरी या सोयीमध्ये प्रत्येक खात्याला मुदत घालता येते. हंगामी कर्मचाऱ्यांची खाती हंगाम संपण्याच्या अंदाजित तारखेला आपोआप बंद होतील, असे आम्ही केले. त्यापूर्वी चार हंगामांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलांची खाती चालू होती आणि त्यांतील दोन खात्यांचे पासवर्ड शेतकी विभागाच्या अख्ख्या गट कार्यालयाला पाठ होते. कार्यभार देण्याघेण्याच्या नमुन्यातही आम्ही एक ओळ वाढवली: कपाटाच्या किल्ल्या, शिक्के आणि संचिका यांच्या खाली ‘फोल्डरचे अधिकार काढले व दिले’, आणि त्यापुढे तारीख. शासकीय कार्यालयांना तर याची आमच्यापेक्षा जास्त गरज आहे. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने तेथे सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरवला आहे. तीन-तीन वर्षांनी माणूस नव्या खुर्चीवर गेला आणि जुन्या प्रत्येक खुर्चीचे अधिकार त्याच्यासोबत राहिले, तर निवृत्तीच्या वेळेपर्यंत त्याला अर्धे कार्यालय उघडता येते, आणि त्यात त्याचा काहीच दोष नसतो.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच, प्रत्येक वापरकर्त्याला कामापुरता कमीत कमी अधिकार असावा, हे तत्त्व मांडून ठेवले आहे. तत्त्व साधे आहे. अडचणी यंत्राच्या बारकाव्यांत येतात आणि त्यांतील काही सांगणे मला आवश्यक वाटते. विंडोज सर्व्हरवर परवानग्यांचे दोन थर असतात. एक नेटवर्कवरून फोल्डर खुला करतानाचा आणि दुसरा प्रत्यक्ष डिस्कवरील फाइलींचा. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोहोंपैकी जो अधिक कडक असेल तो लागू होतो, त्यामुळे अनेकदा एका ठिकाणी बदल करूनही फरक पडत नाही आणि वैतागलेला माणूस दोन्हीकडे सगळे खुले करून टाकतो. नकाराची, म्हणजे ‘डिनाय’ची खूण शक्यतो वापरूच नये. आमच्याकडे लेखा विभागातील एका लिपिकाकडे भांडाराचा तात्पुरता कार्यभार आला, परंतु त्याच्या जुन्या गटावर भांडार फोल्डरसाठी डिनाय होते, आणि नवा अधिकार दिल्यानंतरही त्याला दोन दिवस काम करता आले नाही, कारण नकार होकारावर मात करतो. अधिकार द्यायचा नसेल, तर काहीच न देणे पुरेसे असते.

याहून फसवी गोष्ट फाइल हलवण्याची आहे. एखादी फाइल कॉपी केली, तर ती नव्या फोल्डरचे अधिकार घेते. परंतु त्याच डिस्कवर ‘कट’ करून दुसरीकडे ‘पेस्ट’ केली, तर बहुधा जुनेच अधिकार सोबत नेते. म्हणजे खुल्या फोल्डरमधून गोपनीय फोल्डरमध्ये हलवलेला चौकशी अहवाल गोपनीय झाला, असे प्रमुखांना वाटते आणि प्रत्यक्षात तो आधीइतकाच खुला असू शकतो. गोपनीय फोल्डरमध्ये कागद नेताना कॉपी करावी आणि मग मूळ प्रत पुसावी, ही सवय आम्ही आस्थापना विभागाला मुद्दाम लावली. ज्याला एखादा फोल्डर उघडण्याचा अधिकार नाही, त्याला तो दिसूच नये, अशी सोयही विंडोज सर्व्हरमध्ये आहे. ती चालू केल्यावर ‘हे माझ्याकडे का उघडत नाही’ असे दूरध्वनी जवळजवळ बंद झाले. माणसाला बंद दार दिसले की त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते, हे मला तेव्हा समजले.

फाइलींच्या नावांबद्दल मराठी कार्यालयांची एक स्वतंत्र अडचण आहे. विंडोजमधील अनेक प्रोग्रॅम ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा संपूर्ण पत्ता २६० चिन्हांपेक्षा लांब असला, तर फाइल उघडत नाहीत. मराठीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांतील प्रत्येक खूण स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते. ‘क्ष’ या एका अक्षराला तीन जागा लागतात. त्यामुळे ‘तोडणी वाहतूक कंत्राटदार करारपत्रे’ यासारखी नावे एकात एक चार-पाच पातळ्या गेली की मर्यादा लवकर ओलांडली जाते आणि नेमक्या त्या फाइली बॅकअपमधून सुटतात. आम्ही फोल्डरची नावे दोन शब्दांची केली आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग विषय, असा क्रम ठरवला, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. ‘अंतिम’, ‘नवीन’, ‘सुधारित’ हे शब्द नावात वापरण्यास मनाई केली. जुनी आवृत्ती हवी असेल, तर सर्व्हर ठरावीक वेळी जपून ठेवत असलेल्या पूर्वीच्या प्रतींतून ती काढता येते. ही सोय आम्ही कपातीच्या घटनेनंतर सुरू केली. आधी असती तर चार रात्रींचे काम अर्ध्या तासाचे झाले असते.

येथे बाहेरच्या धोक्याचा आणि या विषयाचा संबंध येतो. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या विषाणूने विंडोजमधील फाइली सामायिक करण्याच्या जुन्या पद्धतीतील उणीव वापरली होती, आणि ती उणीव दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्च महिन्यात दिली होती. त्यानंतर जून महिन्यात नॉटपेट्या आला आणि जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने विस्कळीत केले. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा असा प्रोग्रॅम ज्या कर्मचाऱ्याच्या संगणकात शिरतो, त्याच कर्मचाऱ्याचे अधिकार वापरून सर्व्हरवरच्या फाइली बिघडवू लागतो. त्याला एका विभागातच लिहिता येत असेल, तर त्या मार्गाने होणारे नुकसान एका विभागापुरते राहते. सर्वांना सर्वत्र लिहिता येत असेल, तर वजनकाट्यावरच्या एका जुन्या संगणकातून संपूर्ण कारखान्याचे दप्तर जाऊ शकते. बॅकअपसाठी आम्ही जी हार्ड डिस्क वापरत होतो, ती वर्षभर सर्व्हरलाच जोडलेली असे, म्हणजे तीही त्याच फटक्यात गेली असती. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड पद्धत म्हणजे बॅकअप, असाही समज आहे. चुकून पुसलेली फाइल त्या दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. एक प्रत इमारतीच्या बाहेर असलीच पाहिजे. २१ जून २०१२ च्या मंत्रालयातील आगीने काय जळू शकते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

कायद्याचीही आता गरज म्हणून दखल घ्यावी लागेल. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार वैयक्तिक माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन त्यांची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली आहे. माहिती कोणाला पाहता येते यावर नियंत्रण आणि त्याची नोंद या गोष्टी त्या उपायांत मोडतात. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. कोणत्या फोल्डरला कोणाचा हात लागू शकतो, हेच ज्या संस्थेला माहीत नाही, ती सहा तासांत काय कळवणार, हा प्रश्न मला खरोखर चिंतेचा वाटतो. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणांना अभिलेख सूचीबद्ध ठेवण्यास सांगते. सामायिक डिस्कवरचे अभिलेख त्यातून वगळलेले नाहीत.

संगणक विभागाच्या स्वतःच्या अधिकाराबद्दल मी लिहिले नाही, तर हे पत्र अपुरे राहील. सर्व्हर सांभाळणाऱ्याला तांत्रिकदृष्ट्या सर्व काही उघडता येते. मला येत होते. म्हणून मी स्वतःच व्यवस्थापनाला लेखी विनंती करून गोपनीय फोल्डरवर प्रत्येक उघडण्याची नोंद चालू केली आणि त्या नोंदीचा छापील उतारा दरमहा कार्यकारी संचालकांकडे जाईल, अशी व्यवस्था करून घेतली. रोजच्या कामासाठी मी साधे खाते वापरत असे आणि सर्व्हरचे खाते फक्त सर्व्हरच्या कामासाठी. पहिल्या महिन्यात माझ्या काही सहकाऱ्यांना हे अनावश्यक वाटले, परंतु ज्या दिवशी एका पगारवाढीची माहिती फुटल्याचा आरोप संगणक विभागावर झाला, त्या दिवशी त्या उताऱ्यानेच आम्हाला निर्दोष ठरवले.

छोट्या कार्यालयांकडून एक आक्षेप नेहमी येतो की, आमची दहा माणसे, सगळी घरचीच, आम्हाला हे कशाला. दहा माणसांच्या कार्यालयाला मोठा सर्व्हर नको, हे मान्य. नेटवर्कला जोडलेली साधी साठवण पेटी असेल तरी तिच्यात वापरकर्ते आणि गट करता येतात, आणि गूगल ड्राइव्ह वापरत असाल, तर ज्याच्याकडे लिंक आहे त्या कोणालाही उघडू देणारा पर्याय किती फाइलींवर चालू आहे, एवढे पाहिले तरी एक दिवस सत्कारणी लागेल. घरच्या माणसांवर विश्वास आहे म्हणूनच त्यांच्या हातून नकळत चूक होण्याची वाट आपण खुली ठेवू नये. कपातीच्या यादीतील चुकीनंतर त्या हंगामी लिपिकाची जी अवस्था झाली होती, ती पाहिलेल्या कोणालाही हे पटेल.

आपल्या दैनिकामार्फत सहकारी संस्थांच्या संचालकांना, महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि नगरपरिषदांच्या मुख्याधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्या सामायिक डिस्कवरील प्रत्येक विभागाच्या फोल्डरमध्ये कोणाकोणाला वाचता आणि कोणाकोणाला लिहिता येते, याची छापील यादी त्यांनी आपल्या संगणक विभागाकडून एका दिवसात मागवावी. यादी आली, तर विभागप्रमुखांना ती समोर घेऊन बसवता येईल. न आल्यास काम नेमके कोठून सुरू करायचे, तेही कळेल. साखर कारखान्यांनी ही यादी मोळी पडण्यापूर्वी मागवावी, कारण गाळप सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्याच्या बिलापर्यंत कोणालाही त्याकडे पाहायला सवड मिळणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखा कर्मचारी,
सांगली जिल्हा